तेच स्वर, तोच माणूस, तरी १३ मिनिटं जास्त!

कॉन्व्हेंटवाल्या मुलीने मराठी विभागात लिहायचं म्हणजे धाडसच! चुकाबिका पोटात घाला.

गेल्या सेमिस्टरला, सबमिशनच्या आदल्या रात्री, रूममेटशी माझं जोरदार भांडण झालं. कारण काय, तर बाख! तिचं म्हणणं, आपल्याकडे एकच राग दोनदा गायला तर दोन्ही वेळा वेगळा होणार. पण पाश्चात्त्य क्लासिकलमध्ये प्रत्येक स्वर कागदावर छापलेला, मग दोन-दोन रेकॉर्डिंग्ज कशाला ऐकायची?

मी तिला 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ऐकवल्या. १७४१ ची ही रचना. सुरुवातीला 'आरिया' नावाची संथ धून, मग तिच्या खालच्या खर्जाच्या ओळीवर रचलेली ३० व्हेरिएशन्स, शेवटी पुन्हा तीच आरिया. कॅनडाच्या ग्लेन गूल्डने हे पियानोवर १९५५ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, न्यूयॉर्कला रेकॉर्ड केलं आणि १९८१ मध्ये त्याच स्टुडिओत परत. पहिलं साडेअडतीस मिनिटांचं, दुसरं ५१ च्या वर.

"बघ, वयाने हळू झाला," मी ठणकावून सांगितलं.

आमची रूममेट मोजल्याशिवाय देवावरही विश्वास ठेवत नाही. माझे हेडफोन लावून बसली आणि दोन तासांनी म्हणाली, "अगं, तुझं रीडिंगच चुकलंय!"

झालं असं, की प्रत्येक भागाचे दोन अर्धे असतात आणि प्रत्येक अर्धा परत वाजवायची खूण बाखने केलेली आहे. १९५५ मध्ये गूल्डने हे रिपीट घेतलेच नाहीत. १९८१ मध्ये काही व्हेरिएशन्समध्ये पहिला अर्धा परत वाजवला. म्हणजे त्या १३ मिनिटांतली काही नुसती पुनरावृत्तीची! मी गप्प.

तेव्हा सीडीच्या मागचा एकूण वेळ बघून निकाल देऊ नका. आरियात दोन्ही वेळा रिपीट नाही, म्हणून खरी टेस्ट तिथे. आधी १ मिनिट ५३ सेकंद, नंतर ३ मिनिटं ५ सेकंद. इथे मात्र तो खरंच संथ झालाय. पहिलं व्हेरिएशन १९५५ ला शेवटची बस पकडायला धावल्यासारखं जातं, दमच लागतो. १९८१ ला तेच सावकाश, आणि डावा हात काय बोलतोय ते स्वतंत्र कळतं. (मध्येच कोणी गुणगुणतंय असं वाटलं तर हेडफोन बिघडलेला नाही. तो गूल्डच!)

४ ऑक्टोबर १९८२ ला, पन्नाशी गाठल्यावर काही दिवसांतच तो गेला. त्यामुळे दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यांना 'निरोप' ऐकू येतो. मलाही येतो. पण वाजवताना त्याला हे थोडंच माहीत होतं? तारीख झाकून ऐकून बघा.

मला १९८१ चं आवडतं, तिला १९५५ चं. आता तिला कळलंय, की बाखने हे मुळात दोन कीबोर्डांच्या हार्प्सिकॉर्डसाठी लिहिलं होतं. त्यामुळे पियानोवरची दोन्ही रेकॉर्डिंग्ज चूक, असं तिचं म्हणणं. हेडफोन अजून तिच्याकडेच आहेत.