ऑपरेशन झाले, मग मुंग्या कशाच्या?

धुळ्याला आमच्या भाभींच्या गलगंडाचे ऑपरेशन झाले. गाठ जुनी होती, म्हणून थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढली. तिसऱ्या दिवशी त्यांना जळगावला आणताना पारोळ्याजवळ त्या म्हणाल्या, ओठांभोवती मुंग्या येताहेत. अशक्तपणा असेल, असे आम्ही समजलो. घरी येईपर्यंत बोटे आखडून एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात वळला. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी दम केलेले पाणी आणले. दुआ करावीच, पण सोबत रिक्षाही बोलवावी! दवाखान्यात शिरेतून कॅल्शियम दिले, तेव्हा बोटे सुटली. अलहम्दुलिल्लाह.

डिस्चार्जच्या कागदावर हे इंग्रजीत लिहिलेले होते. आम्ही शिकवणारी माणसे, पण तो कागद आम्ही उघडलाच नव्हता.

थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० साली माणसातील या ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. रक्तातले कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांचा रक्तपुरवठा दुखावला की पहिल्या दोन-तीन दिवसांत कॅल्शियम उतरते. बहुतेकांचे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते, थोड्यांना गोळ्या कायमच्या लागतात. आवाजाची नस दुखावली तर आवाज बसतो. आणि गळा फुगून श्वास अडकू लागला, तर सकाळची वाट पाहू नये, त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या भागाला गलगंड नवा नाही. केंद्र सरकारने १९६२ साली गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, आयोडीनचे मीठ घरोघर आले. पण वर्षानुवर्षांच्या मोठ्या गाठी मिठाने विरघळत नाहीत.

आमच्या घरी खरा वाद रमजानवर झाला. ऑपरेशनला महिनाही झाला नव्हता आणि भाभींना रोजे सोडायचे नव्हते. कॅल्शियम दिवसातून तीनदा होते. थायरॉक्सिन उपाशीपोटी घ्यायचे, आणि दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर हवे, नाहीतर कॅल्शियम थायरॉक्सिनला अंगी लागू देत नाही. दिवसभर गोळ्या बंद ठेवल्या असत्या तर पुन्हा बोटे वळली असती. आजाऱ्याने नंतर दिवस पुरे करावेत, ही सवलत सूरह बकरामध्ये स्वतः अल्लाहने दिली आहे. मोहल्ल्यातील मुलींना नाजरा शिकवणाऱ्या भाभींना ते आम्ही काय सांगणार! तरी डॉक्टरांनी सांगितल्यावरच त्या मानल्या, आणि त्या दिवशी खूप रडल्या.

कॅल्शियमच्या गोळ्या सुटल्यावर, डॉक्टरांना विचारून, हिवाळ्यातल्या लहान दिवसांत त्यांनी कजा रोजे धरले. थायरॉक्सिन आता जन्मभराचे आहे. सहरीच्या अर्धा तास आधी मोबाईलचा गजर वाजतो, भाभी गोळी घेतात आणि मग आम्हाला उठवतात.