होडीवरचे यंत्र आणि धरणाच्या तळाचा नकाशा



लागण, खोडवा, खताच्या मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या हे या पानाचे नेहमीचे विषय. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे, पण तो उसाच्या मुळापर्यंतच जाऊन पोहोचतो. आपल्यापैकी अनेकांची बागायत उजनीच्या फुगवट्यावर उभी आहे. काही सभासदांच्या घरी उसाच्या जोडीला मासेमारीही चालते. अशा काही होड्यांवर हल्ली हातभर पडद्याचे एक यंत्र बसलेले दिसते. ते होडी कुठे आहे ते दाखवते, खाली किती पाणी आहे ते दाखवते आणि तळाचा नकाशाही काढून ठेवते. यंत्र चांगले आहे. मात्र ते वाचता न आल्यामुळे आमच्याच गटाचा ऊस अकरा दिवस तहानलेला राहिला. ती चूक दुसऱ्या कोणाची होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

काय घडले?

आम्ही नऊ सभासदांनी मिळून उपसा मोटर बसवली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये धरण भरलेले असताना आमच्यातल्या एका सभासदाच्या मासेमारीच्या होडीवरून आम्ही समोरच्या पाण्याचा नकाशा तयार केला. पडद्यावर निळ्या रंगाच्या छटा आणि त्यावर खोलीचे आकडे उमटले, तेव्हा आम्हांला आपण मोठाच पराक्रम केला असे वाटले.

पुढचे वर्ष पावसाने दगा दिला. २०२४ च्या आरंभी पाणी मागे सरू लागल्यावर आम्ही नकाशा उघडला, २८ फूट लिहिलेली जागा पाहिली आणि तराफा, मोटर, पाईप सगळे तिथवर नेले. म्हटले, अठ्ठावीस फूट पाणी म्हणजे आता जूनपर्यंत घोर नाही! मार्चमध्ये एके दिवशी सकाळी धार बारीक झाली. दुपारपर्यंत मोटर गाळ ओढू लागली. फूटव्हॉल्व्ह चिखलात रुतला होता. नकाशावर मात्र तिथे अजूनही २८ फूटच लिहिलेले होते.

यंत्र चालते कसे?

यंत्रात दोन कामे एकत्र आहेत. पहिले काम जागा ओळखण्याचे. आकाशात फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संदेश यंत्राला मिळतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की होडीचे अक्षांश-रेखांश निघतात. ही व्यवस्था अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात पूर्वी मुद्दाम चूक मिसळली जात असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. मे २००० मध्ये ते मिसळणे बंद झाले आणि चूक काही मीटरांवर आली. तेव्हापासून तळ्यातला एखादा खड्डा नेमका पुन्हा गाठणे साध्या यंत्राला जमू लागले.

दुसरे काम खोली मोजण्याचे. होडीच्या बुडाशी बसवलेला सेन्सर पाण्यात आवाजाची लहर सोडतो. ती तळावर आपटून परत येते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. लहरीला जाऊन येऊन सेकंदाचा पन्नासावा भाग लागला, तर खाली १५ मीटर पाणी आहे असे यंत्र समजते. जागा आणि खोली यांची जोडी जमा होत गेली की यंत्र सारख्या खोलीच्या ठिकाणांना रेषेने जोडते. शेतात समपातळी बांध घातलेल्यांना ही रेषा नवी नाही. बांधाची ती ओळ पाण्याखाली ओढली आहे, एवढेच समजावे.

ज्या देशातून यंत्र आले, तिथले पाणी

गार्मिन, लोरन्स, हमिनबर्ड ही यंत्रे मुख्यतः अमेरिकेतल्या हौशी मासेमारांसाठी वाढली. तिथल्या एकट्या मिनेसोटा राज्यात १० एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. राज्य सरकारच्या खात्याने त्यांतल्या हजारो तळ्यांचे खोलीचे नकाशे करून ठेवले आहेत. तिथला मासेमार दुकानातून कार्ड आणतो, यंत्रात घालतो आणि गळ टाकायला निघतो. तळी बहुतेक निसर्गाने घडवलेली. त्यांचे पाणी वर्षभरात फारसे वर-खाली होत नाही. म्हणून नकाशावर २० फूट असेल तर होडीखालीही जवळपास तेवढेच पाणी असते.

आमच्या यंत्रात उजनीच्या जागी नुसता कोरा निळा डाग होता. नकाशा आम्हांलाच करावा लागला, त्यात काही बिघडले नाही. बिघडले ते पुढे. उजनी हे तळे नव्हे, धरण आहे. धरणाचे पाणी उतरण्यासाठीच साठवलेले असते. जे पाणी दरवर्षी उतरते, त्याच्या नकाशावरचा खोलीचा आकडा तो नकाशा केला त्या दिवसापुरताच खरा!

हिशेब सोपा आहे

उजनीची पूर्ण भरल्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आहे. उपयुक्त साठा संपतो, म्हणजे आपण ज्याला 'शून्य टक्के' म्हणतो, ती पातळी ४९१.०३ मीटर. दोहोंत फरक ५.८० मीटर, म्हणजे १९ फूट. भरलेल्या धरणात केलेल्या नकाशातल्या प्रत्येक आकड्यातून शून्य टक्क्यांच्या दिवशी १९ फूट वजा करावे लागतात. आमच्या २८ फुटांचे तिथेच ९ फूट उरले होते. त्यात २०२४ मध्ये धरण शून्यावर थांबले नाही. ते उन्हाळ्यात उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले. मग त्या जागी चिखल लागला यात नवल ते काय?

नकाशा धरण भरलेले नसताना केला असेल तरी रीत हीच. समजा, नकाशा केला त्या दिवशी पातळी ४९४.५० होती आणि आज ४९२.०० आहे. फरक अडीच मीटर, म्हणजे सुमारे ८ फूट. नकाशावर २० फूट असेल तिथे आज १२ फूट धरावे. पाणी वाढले असेल तर तेवढाच फरक मिळवावा. काही यंत्रांत हा फरक भरण्याची सोय असते. तो एकदा भरला की सगळे आकडे आपोआप बदलतात.

इथे एक इशारा. आपल्याकडे चावडीवर बोलणे चालते ते टक्क्यांत. 'आज किती टक्के?' हा आपला प्रश्न. पण टक्के हे साठ्याचे माप आहे, उंचीचे नव्हे. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. धरण वर पसरट आणि खाली अरुंद. त्यामुळे वरचे दहा टक्के कमी झाल्यावर पाणी जेवढे फूट उतरते, त्यापेक्षा खालचे दहा टक्के कमी झाल्यावर जास्त उतरते. नकाशासाठी टक्के सोडून मीटरमधली पातळी विचारावी. धरणाच्या रोजच्या आकडेवारीत ती दिलेली असते.

आबांनी दाखवलेला डोह

मोटर बंद पडल्यावर आम्ही पुन्हा होडीत बसलो. या वेळी गटातल्या एका सभासदाचे वडील सोबत आले. वय ऐंशीच्या पुढे. १९८० मध्ये धरण झाले तेव्हा त्यांची जमीन आणि घर पाण्याखाली गेले. होडीवाल्याने यंत्र लावले आणि सरळ मध्यावर निघाला. आबा म्हणाले, "मधी काय न्हाय. नदी मधनं व्हतीच कुठं? हितं वळण व्हतं. त्या टेकडीच्या अंगाला चल."

होडीवाला म्हणाला, "आबा, तिकडं तर काठ जवळ येतो. उथळ असंल."

"वळणाच्या भायेरल्या अंगाला पाणी काठ खातं, लेका. तिथंच डोह."

पडद्यावर १२ फूट, ११ फूट, १३ फूट असे आकडे येत होते. टेकडीच्या अंगाला गेलो आणि एकाएकी २४ झाले, मग ३१. जुन्या भीमेचा डोह सापडला. तराफा तिथे हलवला, ६०० फूट पाईप वाढवली आणि अकराव्या दिवशी पाणी शेतात आले. तोवर माळावरच्या खोडव्याचे शेंडे वाळले होते. त्या खोडव्याच्या टनेजमध्ये जी तूट आली ती आलीच.

परतताना आबांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नकाशावर जिथे सपाट तळ होता, तिथे ते म्हणाले, "हितं आमची हीर. घडीव दगडाची." होडीवाला चमकलाच. त्याच जागी त्याची दोन जाळी फाटली होती आणि त्याने दोष झाडाच्या खोडाला दिला होता. होडी हळूहळू मागे-पुढे फिरवली तेव्हा कठड्याचा उंचवटा पडद्यावर आला.

मग तो नकाशात का नव्हता? कारण यंत्र मोजते ते फक्त होडीच्या बुडाखालचे. दोन फेऱ्यांच्या मधली जागा ते अंदाजाने भरून काढते. आमच्या फेऱ्या शंभर-शंभर फुटांवर होत्या आणि विहीर त्या दोहोंच्या मध्ये होती. पडद्यावर मोजलेली रेषा आणि अंदाजाची रेषा एकाच रंगाची दिसते, हे ध्यानात ठेवावे.

मासेमारी करणाऱ्या सभासदांसाठी

मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात, कटला वरच्या. चिलापी काठच्या उथळ पाण्यात खड्डे करून अंडी घालते. त्यामुळे जाळे किती खोल सोडायचे हे ठरवायला तळाचा नकाशा उपयोगी पडतो. जुने बांध, ओढ्यांची तोंडे आणि नदीचे पात्र या जागा यंत्रात खूण करून ठेवाव्यात. मात्र खुणेचा आकडा दुसऱ्याला तोंडी सांगताना जपावे. अक्षांश दोन रीतींनी लिहितात. १८ अंश १२ मिनिटे ३० सेकंद हेच दशांशात १८.२०८३ होते. कोणी ते घाईने १८.१२३० असे भरले, तर जागा सुमारे साडेनऊ किलोमीटर सरकते. मासा राहिला भीमेत आणि होडी निघाली भलत्याच गावाला!

नकाशा करताना पाळावयाच्या गोष्टी

१) नकाशा केल्याची तारीख आणि त्या दिवसाची धरणाची पातळी, मीटरमध्ये, वहीत लिहून ठेवावी. ही नोंद नसेल तर नकाशाचा उपयोग नाही.

२) सेन्सर पाण्याच्या पृष्ठभागाखाली किती खोल बसवला आहे ते यंत्रात भरावे. नाही तर प्रत्येक आकडा तेवढा कमी येतो.

३) यंत्र फुटांत मोजते की मीटरमध्ये, हे आधी पाहावे.

४) होडी हळू चालवावी आणि फेऱ्या जवळजवळ घ्याव्यात. मोटर बसवायच्या जागी आडव्या-उभ्या दोन्ही फेऱ्या घ्याव्यात.

५) गाळ दरवर्षी साचतो. जुन्या नकाशावर विसंबू नये. मोटर हलवण्यापूर्वी त्या जागी दोरीला दगड बांधून खोली स्वतः पाहावी.

६) पाईप आणि मोटर हलवण्यासाठी पाटबंधारे खात्याची परवानगी लागते, ती आधी घ्यावी.

७) गावातल्या जुन्या माणसाला एकदा होडीत बसवून फिरवावे. विहिरी, देवळे, डोह, ओढे यांची नावे त्यांच्याकडून ऐकून खुणांना द्यावीत. धरणापूर्वीची जमीन पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत.

शेवटी एक गोष्ट जिवाची

यंत्र तळ दाखवते, वारा दाखवत नाही. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा बळी गेला. ही गोष्ट आपल्या परिसरात कोणी विसरलेले नाही. आभाळ भरून आले की होडी काठाला लावावी. लाइफ जॅकेट अंगात असावे, होडीच्या कोपऱ्यात नव्हे. तळाचा नकाशा आज राहिला तर उद्या करता येतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण पुन्हा भरले. आम्हीही नकाशा पुन्हा केला. या खेपेला वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे, पातळी आहे आणि आबांनी सांगितलेल्या सतरा जागांची नावे आहेत. ज्या सभासदांना ती वही पाहायची असेल त्यांनी शेतकी गट कार्यालयात यावे. तिची एक प्रत तिथे ठेवली आहे. आपल्या गावच्या बाजूच्या जागा माहीत असतील तर त्याही तिच्यात लिहून जाव्यात.

जय सहकार!