जीपमधला रेडिओ : आधी अँटेना, मग वॉट

डोंगरात मोबाइलची रेंज गेली की दोन गाड्यांना जोडायला रेडिओच उरतो. सेट घेताना बहुतेक जण आधी विचारतात, "किती वॉटचा?" माझ्या मते पहिला प्रश्न अँटेनाचा हवा.

हातातला वॉकी-टॉकी साधारण ५ वॉटचा असतो. गाडीच्या आत पत्रा त्याच्या लहरी अडवतो. त्यालाच बाहेरची अँटेना जोडली तर पल्ला वाढतो. १४५ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे २ मीटर असते, म्हणून पाव लहरीची अँटेना साधारण अर्ध्या मीटरची. तिच्याखाली धातूचा पत्रा लागतो. तोच तिचा दुसरा अर्धा भाग होतो. त्यामुळे छपराचा मध्य सर्वांत चांगला. कापडी हूडच्या जीपवर मात्र बॉनेटच्या कडेला किंवा मडगार्डवर पक्की पट्टी बसवावी. चुंबकाची अँटेना सोयीची, पण फांदी लागली की पडू शकते.

गाडीत बसवायच्या मोठ्या सेटला वीज थेट बॅटरीवरून द्यावी आणि बॅटरीजवळच फ्यूज लावावा. वायर घासून शॉर्ट झाली, तर आग लागण्याआधी फ्यूज उडतो. अँटेना न जोडता बोलण्याचे बटण दाबू नये. सेट बिघडू शकतो. शेवटी एसडब्ल्यूआर मीटरवर आकडा १.५च्या आत आहे ना, ते पाहावे.

हॅम रेडिओला परवाना लागतो. आपल्या देशात त्याची परीक्षा १२व्या वर्षापासून देता येते, म्हणजे आपण सगळे कॅडेट पात्र आहोत. दरीत कोणी जखमी झाले, तर त्याची हाक याच अर्ध्या मीटरच्या काडीवरून जाणार आहे. ती नीट बसवायला शिकूया.