धरणीच्या पोटांतील वार्ता

शेषानें मस्तक हालविलें कीं धरणी कांपते, ही कथा आपणांपैकीं बहुतेकांनीं आजीच्या तोंडून ऐकलेली असते. शास्त्र निराळें कारण सांगतें. पण पायांखालचें मनुष्यास दिसत नाहीं, ही अडचण शास्त्रज्ञांपुढेंही होतीच. पृथ्वीचा मध्य सुमारें ६,३७० किलोमीटर खोल. आणि मनुष्यानें पाडलेलें सर्वांत खोल विवर, रशियांतील कोला येथील, बारा किलोमीटरांहून किंचित् अधिक. त्याखालची वार्ता आणली ती भूकंपाच्या लहरींनींच. ती कशी वाचतात, आणि तिच्यांत आम्हां गिरगावकरांनीं लक्ष घालावें असें काय आहे, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

भूकंप होतांच मुख्यत्वेंकरून दोन प्रकारच्या लहरी खडकांतून धांवूं लागतात. पहिली खडकास दाबीत व सैल सोडीत वेगानें पुढें जाते. दुसरी त्यास आडवा हालवीत तिच्यामागून येते, आणि द्रवांतून तिला मुळींच जातां येत नाहीं. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळानें झाला, यावरून ढग किती दूर हें आपण ताडतों. तद्वत् दोन लहरींच्या आगमनांत जितके सेकंद जातील, त्यांच्या सुमारें आठपट किलोमीटर इतकें भूकंपाचें अंतर. गिरगावापासून कोयनानगर सरळ रेषेंत सुमारें दोनशें किलोमीटर. तेव्हां तेथील धक्क्याची दुसरी लहर येथें पहिलीच्या मागून पंचवीसएक सेकंदांनीं यावयाची. तीन ठिकाणचीं अशीं अंतरें मिळालीं कीं भूकंपाचें स्थान ठरतें. आणि अनेक स्थानें एका ओळींत पडलीं, तर तेथें जमिनीखालीं प्रस्तरभंग असल्याचें उघड होतें. ज्वालामुखीखालीं शिलारस वर चढूं लागला, तर तीही वर्दी बारीक धक्क्यांची माळच देते.

या विद्येचा आपल्या देशाशीं जुना संबंध आहे. १८९७ च्या आसामांतील महाभूकंपानंतर कलकत्ता व कोडाईकनाल यांप्रमाणेंच आमच्या कुलाब्याच्या वेधशाळेंतही १८९९ च्या सुमारास भूकंपलेखक यंत्र आलें. त्याच भूकंपाच्या दूरदेशींच्या नोंदींवरून रिचर्ड ओल्डहॅम या भूगर्भशास्त्रज्ञानें लहरींचे प्रकार वेगळे ओळखले, आणि १९०६ सालीं लहरींच्याच साक्षीनें पृथ्वीस गाभा असल्याचें दाखविलें. त्या गाभ्याच्या आंत आणखी एक गाभा आहे, हें १९३६ सालीं इंगे लेहमान या डॅनिश विदुषीनें ताडलें.

आपला सह्याद्रि सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याच्या थरांचा. हा काळा पाषाण अचल, अशी पुष्कळांची समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनीं कोयनेस ती ढासळली. पावणेदोनशेंच्या आसपास माणसें दगावलीं, व धक्का मुंबईपर्यंत जाणवला. जलाशयाचें पाणी भेगांत मुरून, आधींच ताणलेला प्रस्तर सरकतो, असें बहुतेक शास्त्रज्ञांचें मत आहे. त्याच शोधासाठीं २०१७ सालीं कोयना खोऱ्यांत गोठणे येथें तीन किलोमीटर खोल विवर पाडलें. सुमारें सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाखालीं ग्रॅनाइट लागला.

परंतु भूकंप अमुक दिवशीं होईल, असें लहरींवरून कोणासही सांगतां येत नाहीं. तसें सांगणारे संदेश दूरध्वनीवर फिरतात, त्यांवर विश्वास ठेवूं नये. सांगतां येतें तें निराळें: कोणती जमीन अधिक हालेल, व कोणतें घर टिकेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपति-विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या परिसरांत दहा हजारांच्या जवळपास जीव गेले; ते मुख्यत्वेंकरून दगडमातीच्या जड भिंती व धाबीं अंगावर कोसळल्यामुळें. मऊ मातीच्या व भरावाच्या जमिनींत लहर फुगते, हें मुंबईकरांनीं विसरूं नये. गिरगावांतील जुन्या चाळींत खोली मोठी करण्यासाठीं भिंत किंवा खांब काढण्यापूर्वीं स्थापत्यज्ञाचा सल्ला घ्यावा. माळ्यावरील निरुपयोगी ओझें उतरवावें. जड कपाटें भिंतीस जखडावीं. आणि इमारत नव्यानें बांधावयाची झाल्यास जमिनीची परीक्षा व भूकंपरोधक आराखडा यांविषयीं भाडेकरूंनीं, खोली किती मोठी मिळणार हें विचारण्याआधीं, विचारावें. एवढी दक्षता कोणत्याही कुटुंबाच्या आटोक्यांतली आहे.