तुटक अक्षरांची घडण

पत्र्यातून रोमन लिपीतला ‘ओ’ कापायला घ्या. मधला गोल निसटून खाली पडतो आणि हाती राहतं नुसतं भोक. अक्षराचं पोट शाबूत हवं असेल, तर पत्र्याची बारीक पट्टी मध्ये राखावीच लागते. वरून ब्रशने रंग टिपला की त्या पट्टीखालचा कागद कोरा राहतो आणि अक्षर तुटतं. स्टेन्सिल अक्षरांचं सगळं रूप या एका अडचणीतून आलं आहे.

ही अक्षरं म्हटली की आपल्याला लष्करी खोकी आठवतात. पण सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समधल्या चर्चच्या गायनवृंदासाठी मोठाले ग्रंथ याच पद्धतीने, एकेक अक्षर टिपून, तयार होत. एकाच ग्रंथाभोवती अनेक गायक उभे राहायचे, त्यामुळे अक्षर दुरून वाचता यायला हवं. प्रती मात्र मोजक्याच. त्यासाठी एवढाले छपाईचे खिळे पाडून घेणार कोण? पुढे बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेचे राजदूत म्हणून पॅरिसजवळ राहत असताना, १७८१ साली, त्यांनी झाँ गाब्रिएल बेरी या कारागिराकडून पितळी स्टेन्सिलचा संच घेतला. फ्रँकलिन मूळचे छापखानेवाले, घरी स्वतःचा छापखाना बाळगणारे. त्यांनाही या पत्र्यांचा मोह पडावा, याची मला गंमत वाटते. तो संच आज फिलाडेल्फियात अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीकडे आहे.

सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांना बारीक पाय असलेल्या, अक्षराला पट्टीमुळे पडणारी ही तोड शोभते, कारण त्यात मुळातच जाड-बारीक रेघांचा खेळ असतो. बारीक रेघेवर, वळणाच्या माथ्याशी तोड घेतली तर डोळा ती आपोआप भरून काढतो. जाड रेघ मध्येच कापली की अक्षर जखमी दिसतं.

१९३७ साली अमेरिकेत ‘स्टेन्सिल’ याच नावाचे दोन टाइप लागोपाठ बाजारात आले: लडलो कंपनीसाठी आर. हंटर मिडलटन यांचा आणि अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी गेरी पॉवेल यांचा. पॉवेल यांच्या टाइपात फक्त मोठी अक्षरं आणि आकडे. रेघा जाडजूड, कोपरे गोलसर. खरं तर धातूच्या ओतीव अक्षराला पट्टीची गरजच नसते. गरज संपली आणि तिची नक्कल विकाऊ झाली! १९७२ साली सुरू झालेल्या ‘मॅश’ या लष्करी इस्पितळावरच्या टीव्ही मालिकेच्या नावाला असंच अक्षर मिळालं, आणि पडद्यावर लष्कर दाखवायचं तर हेच वळण, असं जणू ठरून गेलं.

देवनागरीत हे दुकान थाटणं सोपं नाही. ‘म’ घ्या. डोक्यावरची शिरोरेघ तोडली की तो ‘भ’कडे झुकतो. गाठीपासून कान्याकडे जाणारी आडवी रेघ तोडली तर ‘ग’ दिसू लागतो. ‘घ’ची शिरोरेघ डावीकडे तुटली की ‘घर’चं ‘धर’ होतं. म्हणजे रोमन अक्षरासारखी सोयीने तोड घेऊन इथे भागत नाही. ‘म’चा डावा दांडा शिरोरेघेच्या जरा खाली तोडणं हाच त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग. ‘अक्षर वाचता आलं की झालं’ म्हणणारे डिझायनर इथेच फसतात, कारण इथे अक्षर वाचता येतं, फक्त भलतंच. बरं, शिरोरेघेला हातच लावायचा नाही म्हटलं, तर शब्दभर सलग चीर पडून पत्रा तिथेच लवतो आणि रंग खाली झिरपतो. तेव्हा शिरोरेघेची तोड घ्यायची ती दोन अक्षरांच्या मधल्या जागेत.