बाथरूमची टाइल घरीच बसवताय? आधी ढाळ आणि वॉटरप्रूफिंग बघा

मिस्त्री वेळेवर मिळत नाही म्हणून बरेच जण बाथरूमची टाइल घरीच बसवतात. टाइल दिसते चकाचक, पण काही महिन्यांत शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. कारण साधं आहे. सांध्यांतून पाणी झिरपतंच. ते अडवतो टाइलखालचा थर.

म्हणून आधी कोब्याला नहाणी ट्रॅपकडे ढाळ द्या, दर फुटाला साधारण ४ ते ५ मिलिमीटर. कोबा वाळला की वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारा, एक आडवा, एक उभा. हा थर भिंतीवर किमान १ फूट चढवा, शॉवरच्या बाजूला ६ फूट. कोपरे आणि पाइपाभोवतीची जागा सोडू नका. थर पूर्ण वाळल्यावर ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी २४ तास साठवा. पाणी बरंच उतरलं किंवा भिंत बाहेरून ओली दिसली, तर आधी गळती काढा, मगच टाइल.

टाइलखाली मसाला सगळीकडे पसरवा, नुसते चार गोळे ठेवू नका. ठोकून पोकळ आवाज आला तर ती लगेच काढून परत बसवा. सांधे दुसऱ्या दिवशी ग्राउटने भरा. आणि खाली अँटी-स्किड टाइलच घ्या. गुळगुळीत टाइलवर घरातली म्हातारी माणसं घसरतात.