न फोडता बोंड बघायचं तर

महागाव तालुक्यातल्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी कितपत आहे हे ताडायची शिफारस केलेली रीत साधी आहे. शेतातली 20 हिरवी बोंडं तोडून फोडायची. दोनांत अळी निघाली तर फवारणीची वेळ आली असं समजायचं. डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं फूल, तरी नजरेला सापडते, बोंड मात्र फसवं. अळी आत शिरल्यावर तिने पाडलेलं छिद्र बोंड वाढताना बुजतं आणि वरून सगळं निर्धोक दिसतं. फवारणीच्या निर्णयाला फोडणं पुरे आहे. पण अळी कुठल्या वाटेने सरकीपर्यंत गेली, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांत सुप्तावस्थेत कशी बसली, हे कळायला फोडणं उपयोगी पडत नाही, कारण सुरी चालली की ती वाटच मोडते. अशा कामाला क्ष-किरणांचं फेज इमेजिंग योग्य, असं माझं मत आहे.

नेहमीचा एक्स-रे शोषणावर चालतो. हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं म्हणून हाड उठून दिसतं. अळी, सरकीचा गर, बोंडाची साल ही सगळी मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनची. किरण तिन्हींतून जवळपास सारखेच आरपार जातात आणि फिल्मवर नुसता करडा डाग उरतो. मात्र पदार्थातून जाताना लहर किंचित पुढे सरकते, म्हणजे तिचा फेज बदलतो, आणि हलक्या मूलद्रव्यांत हा परिणाम शोषणापेक्षा हजारपटीच्या घरात असू शकतो. तो टिपायची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे नमुना आणि डिटेक्टर यांच्यात रिकामी जागा सोडणं. कडेवरून जाणारा किरण एक मायक्रोरेडियन वळला तर मीटरभर अंतरावर तो एक मायक्रॉन सरकतो. डिटेक्टर नमुन्याला चिकटवला तर काहीच कळत नाही. मागे नेला की कडेला एक उजळ आणि एक काळी रेघ उमटते. अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत 2003 साली याच प्रकारे भुंगे, रातकिडे आणि मुंग्या यांच्या श्वासनलिका जिवंतपणी आकुंचन पावताना दिसल्या. हवा आणि ऊती यांच्या सीमेवर ही रेघ सर्वांत ठळक उमटते.

यासाठी अवाढव्य यंत्र लागतं, हा आक्षेप निम्मा खरा. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातलं इंडस-2 हे 2.5 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचं सिंक्रोट्रॉन आहे आणि तिथल्या इमेजिंग बीमलाइनवर हे काम होतं. पण किरणांचा उगम पुरेसा बारीक असेल तर साध्या नळीनेही भागतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवलं. फक्त प्रकाश मंद पडतो आणि वाट पाहावी लागते. दुसरा आक्षेप नमुन्याला बसणाऱ्या किरणांच्या मात्रेचा. ऊर्जा 10 वरून 20 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट केली की पाण्यातलं किरणांचं क्षीणन सहा-सातपट घटतं, फेजमधला बदल मात्र निम्म्यावरच येतो. म्हणून जास्त ऊर्जेकडे सरकणं फायद्याचं. तरी तीच अळी पुन्हा पुन्हा किरणांखाली धरता येणार नाही.

माझ्या लेखी खरी अडचण वेगळीच आहे. एका अंतरावरच्या एकाच चित्रातून फेज काढण्याची पॅगानिनची पद्धत (2002) नमुना एकाच पदार्थाचा आहे असं गृहीत धरते. बोंडात धागा, तेलकट गर, हवा आणि अळी एकत्र असतात. अशा वेळी कडा विश्वासाच्या, पण घनतेचे आकडे नाहीत. ते हवे असतील तर अनेक अंतरांवर चित्रं घ्यावी लागतात. रंग देऊन पेशी ओळखणाऱ्या पातळ कापांची जागाही हे तंत्र घेत नाही. आधी अखंड बोंडाचं त्रिमित चित्र काढावं आणि काप नेमका कुठे घ्यायचा ते त्यावरून ठरवावं, हा क्रम मला पटतो.